आधी बॅकअप, मग दुरुस्ती

खरिपाच्या पीक विम्याची मुदत बहुधा ३१ जुलैला संपते. त्या आठवड्यात कळंबमधल्या एखाद्या सेवा केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क जाऊ लागली, तर ती बंद पडेपर्यंतचा दिवस असा सरकतो.

सकाळी ९. उरले ९ तास
मशीन सुरू होताच काळ्या पडद्यावर इशारा येतो: 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस'. दारात येरमाळा, शिराढोणहून आलेल्या शेतकऱ्यांची रांग असते. एफ-वन दाबून काम सुरू होते.

१०.३०. उरले साडेसात तास
सातबारा, पासबुक आणि पीकपेऱ्याच्या स्कॅनचे फोल्डर उघडता उघडत नाही. खराब सेक्टर वाचायला हेड पुन्हा पुन्हा धडपडत असते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो'मध्ये सी-५ चा आकडा वाढत असेल, तर दोष डिस्कचा. सी-७ वाढत असेल, तर बहुधा साटा केबलचा, आणि ती बदलून भागते. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. डिस्क अजून वाचते आहे. फाईली दुसरीकडे घ्यायची वेळ हीच.

१२. उरले ६ तास
लाईट जाते. यूपीएसची बॅटरी उतरलेली, त्यामुळे मशीन तत्क्षणी बंद पडते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगणाऱ्या हेडला घाईघाईने बाजूला व्हावे लागते.

१२.३०. उरले साडेपाच तास
लाईट येते आणि विंडोज स्वतःहून 'चेक डिस्क' सुरू करते. ती फाईलींची मांडणी नीट करते, मजकूर वाचवणे हे तिचे काम नव्हे. मरू घातलेल्या डिस्कवर ती चालवणे म्हणजे उरलेसुरले बळ खर्ची घालणे.

३. उरले ३ तास
आतून टक-टक आवाज येतो. हेडला आता आपली जागा सापडत नाही. इथून पुढे कोणतेही सॉफ्टवेअर कामाचे नाही. वीज तोडणे एवढेच हाती उरते.

४. उरले २ तास
कुणी डिस्क फ्रीजमध्ये ठेवायला सांगतो, कुणी उघडून पाहायला. फ्रीजमधल्या थंडीने आत ओल धरते. उघडली तर धुळीचा कण हेडखालच्या फटीहून कितीतरी मोठा असतो. तो चकती खरवडतो.

६
'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. बायोसमध्ये डिस्कचे नावच नाही. पोर्टलवर गेलेले अर्ज सुरक्षित आहेत. राहिलेल्या अर्जांचे स्कॅन, जुन्या पावत्या आणि हिशेब मात्र गेले. क्लीन रूम असलेल्या प्रयोगशाळेत काही परत मिळेलही, पण नव्या डिस्कच्या कितीतरी पट किमतीला.

सकाळी नऊला दुसरी डिस्क जोडून आधी कागदपत्रे, मग बाकीचे, असे उतरवून घेतले असते, तर रांगेतल्या कुणालाही पुन्हा गावाकडे कागदांसाठी जावे लागले नसते. इशारा प्रत्येक डिस्क देतेच असे नाही, म्हणून त्याची वाट पाहू नका. आज दुकान बंद करण्याआधी कामाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातली एखादी फाईल उघडून खात्री करा.