रुग्णाचे उद्दिष्ट आणि उपचाराचे माप

अतिक्रियाशील मूत्राशयावरील उपचाराचे यश कशाने मोजावे, या वादाचा इतिहास बराचसा परिभाषेचा इतिहास आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्यात शिरणे अनाठायी ठरू नये.

पूर्वी निर्णायक साक्ष यंत्राची मानली जाई. मूत्राशयात नळीने द्रव भरावयाचा, दाबाचा आलेख काढावयाचा, आणि त्यात स्नायूचे अनैच्छिक आकुंचन आढळले की मूत्राशय 'अस्थिर' ठरवावयाचे. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने परिभाषा नव्याने बांधली. यंत्रास दिसणारी अतिक्रियाशीलता तीत निराळी काढली, आणि विकाराची व्याख्या लघवीच्या निकडीवर उभारली. निकड म्हणजे अकस्मात येणारी, लांबणीवर टाकण्यास कठीण अशी इच्छा. आणि तिच्या व्याख्येचा गाभा 'तक्रार' हा शब्द आहे. (मराठी रुग्ण 'धरवत नाही' म्हणतो, ते शक्य क्रियापद हेच सांगते.)

आता तक्रार हेच विकाराचे लक्षण, तर तिचे निवारण झाले हे कोणी ठरवावयाचे? नोंदवहीतील बारा खेपांच्या दहा झाल्या, तर आकडेवारीत तो लाभ दिसेल. परंतु ज्या शिक्षिकेस एक तास अखंड वर्गात उभे राहावयाचे आहे, तिला त्या वजाबाकीचे काय? १९९७ च्या किंग्ज हेल्थ प्रश्नावलीने त्रासाची विचारपूस केली खरी, पण प्रश्न सर्वांस तेच.

साधन मात्र दुसऱ्याच शाखेत तयार होते. १९६८ मध्ये टॉमस किरेसुक व रॉबर्ट शर्मन यांनी सामुदायिक मानसोपचाराच्या मूल्यमापनासाठी उद्दिष्टपूर्तीची श्रेणी मांडली. उद्दिष्ट उपचारापूर्वीच लिहावयाचे. अपेक्षित फलास शून्य, त्याहून सरस फलास अधिक दोनपर्यंत, निकृष्टास उणे दोनपर्यंत गुण. हलफिश व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये श्रोणितलाच्या शस्त्रक्रियेचे यश स्त्रियांच्या स्वतःच्या उद्दिष्टांवरून पाहिले. पुढे मूत्रमार्गाच्या लक्षणांसाठी झालेल्या 'सागा' प्रश्नावलीत ठराविक उद्दिष्टांसोबत रुग्णाच्या शब्दांनाही जागा मिळाली.

या पद्धतीवरील आक्षेप क्षुल्लक नाही. एकाचे शून्य दुसऱ्याचे शून्य नव्हे. माफक अपेक्षा धरणारा सहज यशस्वी ठरतो. आमच्या मते याहून नाजूक जागा लेखनाची आहे. रुग्ण म्हणतो, 'बसने लेकीच्या गावी जाता यावे'. कागदावर उतरते, 'निकडीचे प्रसंग घटावेत'. मग मापले जाते ते दुसरे वाक्य.