दर्या बंद असतानाचे पाहुणे

मे महिना उतरणीला लागला की कोकणात आगोटीची घाई सुरू होते. होड्या वर ओढून शाकारायच्या, जाळी आवरायची, सरपण कोरडं करून ठेवायचं. दर्या खवळायच्या आत माणूस किनाऱ्यावर परततो. नेमके याच सुमारास काही समुद्रपक्षी खडकांकडे वळतात, संसार मांडायला. त्यामुळे कोकणच्या समुद्रपक्ष्यांचा इतिहास बराचसा पक्ष्यांना पाहून लिहिलेला नाही. ते निघून गेल्यावर मागे जे उरलं, त्यावरून लिहिला गेला आहे.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे वेंगुर्ला रॉक्स. निवती आणि वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात उभे असलेले हे उघडेबोडके कातळ. पोर्तुगीज आणि इंग्रज, दोघांच्याही नकाशांत त्यांची नोंद 'जळकी बेटं' अशी. खलाशांना ती माहीत होती मुख्यतः धोका म्हणून. तिथलं दीपगृहही जहाजांना दूर ठेवण्यासाठीच.

1875 च्या सुरुवातीला 'क्लाइड' हे सर्वेक्षणाचं जहाज लक्षद्वीपच्या मोहिमेवर निघालं, तेव्हा त्यावर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते. पुढे दहा वर्षांनी मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. त्या काळात मात्र सरकारदरबारी ते महसूल आणि शेती खात्याचे सचिव होते आणि उरलेल्या वेळात पक्ष्यांनी झपाटलेले. 'स्ट्रे फेदर्स' हे पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिक ते स्वतःच चालवत. वेंगुर्ल्याच्या खडकांवर ते उतरले ते थंडीच्या अखेरीस, म्हणजे अगदीच अवेळी. सुरय या समुद्रपक्ष्यांची वसाहत केव्हाच उठून गेली होती. मागे राहिली होती अंडी आणि उन्हात वाळून ममी झालेले पक्षी. एवढ्या पुराव्यावरून इथे पावसाळ्यात सुरय वीण करत असणार, हे ह्यूम यांनी ताडलं आणि 1876 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या दीर्घ लेखात ते छापलं. प्रेतांवरून जिवंतांची हजेरी लावण्याचा हा प्रकार गुप्तहेराला शोभणारा आहे. ह्यूम यांच्या पद्धतीत तपासापेक्षा बंदुकीचा वाटा मोठा असे. त्यांनी पुढे ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या हजारो कातड्यांचा ढीग त्याची साक्ष देतो. इथे मात्र बंदुकीला काही कामच उरलं नव्हतं.

ही तपासाची दोरी पुन्हा हाती घेतली गेली ती जवळजवळ साडेसहा दशकांनी. मुंबईचे हुमायून अब्दुलअली हे धंद्याने व्यापारी, पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा आधारस्तंभ. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे सुरय आणि पाकोळ्या यांच्याविषयी त्यांचे लेख सोसायटीच्या जर्नलमध्ये 1940 आणि 1942 साली आले. लगामी सुरय, गुलाबी सुरय, पांढऱ्या गालाचा सुरय अशी नावं या चिमुकल्या कातळांशी कायमची जोडली गेली आणि भारतीय पक्ष्यांच्या मोठ्या ग्रंथांत वेंगुर्ल्याचा उल्लेख अपरिहार्य झाला. लगामी सुरय कपारीच्या आडोशाला एकच अंडं घालतो. उघड्यावर दाटीवाटीने बसणाऱ्या तुरेवाल्या सुरयांपेक्षा त्यामुळेच तो शोधायला कठीण.

याच खडकांच्या पोटातल्या अंधाऱ्या गुहेत पाकोळ्यांची वस्ती आहे. या पाकोळीला शास्त्रीय नाव मिळालं ते पक्षी-अभ्यासक जर्डन यांच्याकडून, 1840 मध्ये. तिचं घरटं लाळेने बांधलेलं, म्हणून चिनी सुपासाठी त्याला गिऱ्हाईक. भारतीय पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर गवत-पिसंही मिसळलेली असतात, म्हणून हा माल हलक्या प्रतीचा. तरीही घरटी खरवडणारे इथवर पोचलेच. समुद्रपक्ष्यांचं जे रक्षण बंद दर्या करतो, ते पाकोळीच्या वाट्याला येत नाही, कारण ती पावसाआधीच घरटी बांधते आणि तेव्हा होड्या चालू असतात. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही चोरी उजेडात आणली. वेळास गावच्या किनाऱ्यावरच्या समुद्री कासवांच्या संरक्षणामुळे पुढे प्रसिद्ध झालेली हीच संस्था. कासवांच्या अंड्यांकडे तिचं लक्ष गेलं, तेही समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने हिंडताना. कोकणात एका पक्ष्याच्या मागे निघालं की भलतंच काही हाती लागतं, असा एकूण अनुभव दिसतो.

खडकांवर न येणारे पक्षी मात्र वेगळ्या वाटेने नोंदवहीत येतात. अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण आटोपून चिमणीहून थोडाच मोठा विल्सनचा वादळपक्षी आपल्याकडच्या उन्हाळ्यात अरबी समुद्रात उतरतो. नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे पश्चिम किनाऱ्याजवळ खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं आणि त्याबरोबर त्याचं खाद्यही. तो दिसावा तर खोल समुद्रात, पण 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला बंदी. मे महिन्यात शेवटच्या फेरीला गेलेल्या तांडेलांनाच काय तो दिसणार.

काही पाहुणे स्वतःहून येत नाहीत, त्यांना आणून टाकलं जातं. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत शिरलं. त्याआधीच्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. अशा वादळांनंतर आणि पावसाच्या पहिल्या धुमश्चक्रीत बूबी, फ्रिगेटपक्षी, काळे सुरय कोकणच्या वाळूत दमून बसलेले सापडतात. काळा सुरय पिल्लूपण संपल्यावर काही वर्षं जमिनीला टेकतच नाही असं मानतात, आणि त्याची पिसं पाण्यात लवकर भिजतात, म्हणून लाटांवर बसून विसावाही घेता येत नाही. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर त्याची मोठी वसाहत आहे. किनाऱ्यावरची माणसं बहुधा दयेपोटी अशा पक्ष्याला पुन्हा समुद्रात सोडतात. खरं तर त्याला विश्रांती हवी असते, म्हणून त्याला खोक्यात ठेवून वनखात्याला कळवणं उत्तम.

त्याआधी एक फोटो मात्र काढावा, डोक्याचा, बाजूने. काळ्या सुरयाच्या कपाळावरचा पांढरा ठिपका डोळ्यापाशी थांबतो, लगामी सुरयाची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. मोबाइलवर तेवढी रेघ नीट आली तरी नोंद पक्की होते.