पदवी-अभ्यासक्रमांची मान्यता

पदवी-अभ्यासक्रमांची मान्यता : नव्या पदवी-अभ्यासक्रमाची विद्याविषयक योग्यता, अध्यापनाची सोय व त्याची गरज तपासून त्यास अनुमती देण्याची पद्धती. महाराष्ट्रात तिचे दोन प्रवाह आढळतात. अभ्यासक्रमाचा आशय विद्यापीठातील विद्वानांनी ठरवावा, हा पहिला. तो कोठे व कोणी शिकवावा याची परवानगी शासनाने द्यावी, हा दुसरा. पहिला जुना आहे. परंतु पुढे दुसराच अधिक निर्णायक ठरत गेला.

मुंबई विद्यापीठ (१८५७) लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे आणि महाविद्यालये संलग्न करून घेणे एवढेच त्याचे आरंभीचे कार्य होते. त्यामुळे नवा विषय मान्य करणे म्हणजे नवी परीक्षा मान्य करणे, असा व्यवहार असे व त्यावरील वाद अधिसभेत होत. मराठीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. देशी भाषा १८६० नंतरच्या दशकात उच्च परीक्षांतून वगळण्यात आल्या. त्या पुन्हा घ्याव्यात म्हणून न्या. महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. या भाषांत उच्च अध्ययनास पुरेल असे वाङ्मय नाही, असा आक्षेप घेतला जाई. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील रानड्यांचे १८९८ चे इंग्रजी टिपण हे त्याला दिलेले सप्रमाण उत्तरच होय. अखेर एम्. ए. च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. विषयाच्या योग्यतेवरच झालेला असा वाद पुढील काळात विरळाच.

मान्यतेवाचून पदवीचे काय होते, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने (१९१६) अनुभवले. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठाची ‘गृहीतागमा’ ही पदवी होती. पण विद्यापीठास वैधानिक दर्जा १९५१ मध्ये मिळाला. तोवर पदवीधर स्त्रियांना तिच्या बळावर सरकारी मान्यतेचा लाभ मिळणे कठीण होते. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या (१९५६) बाविसाव्या कलमाने पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांपुरता मर्यादित केला. पदव्यांची नावेही आयोगच विनिर्दिष्ट करतो.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे प्रतापराव गुजर यांच्या १६७४ मधील वीरमरणामुळे प्रसिद्ध असलेले गाव. तेथील टी. के. कोलेकर कला व वाणिज्य महाविद्यालय या विद्यापीठाशी संलग्न आहे. अशा ग्रामीण महाविद्यालयाला नवी पदवी सुरू करावयाची झाल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील क्रम पाळावा लागतो. विद्यापीठाच्या पंचवार्षिक बृहत् आराखड्यात त्या स्थळी त्या अभ्यासक्रमाची तरतूद असावी लागते. नसल्यास अर्जच विचारात घेतला जात नाही. अर्जाची छाननी होऊन तो विद्यापीठाच्या शिफारशीसह शासनाकडे जातो. शासनाच्या परवानगीनंतर चौकशी समिती इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा व अध्यापक पाहते आणि मग संलग्नीकरण मिळते.

या साऱ्यात अभ्यासक्रमाचा आशय कोठेच तपासला जात नाही. तो अभ्यासमंडळाने आखलेला, विद्याशाखेने पाहिलेला व विद्यापरिषदेने संमत केलेला असून नेसरीस आणि कोल्हापूर शहरास एकच असतो. पदवीचे मूल्य सर्वत्र समान राहते, हा त्याचा मोठा लाभ. खेड्यातील विद्यार्थ्याची पदवी दुय्यम मानली जाऊ नये, यासाठी तो आवश्यकही आहे. मात्र परिसरातील शेती किंवा सीमाभागातील मराठी-कन्नड व्यवहार यांवर आधारलेली पदवी आखण्यास संलग्न महाविद्यालयाला फारसा वाव उरत नाही. शिवाय विनाअनुदानित तत्त्वावर परवानगी मिळाल्यास खर्चाचा भार शुल्करूपाने पालकांवर पडतो. गुणवत्तेची तपासणी हा भार मोजत नाही.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (१९९४) संस्थेचे मूल्यमापन करते. पण ते अध्यापन सुरू झाल्यानंतरचे असते. स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःची अभ्यासमंडळे नेमून अभ्यासक्रम आखता येतो. पदवी मात्र विद्यापीठाचीच राहते. स्वायत्ततेसाठी अधिस्वीकृतीची वरची श्रेणी अपेक्षित असते. पुरेसे अध्यापक व साधने नसलेल्या लहान महाविद्यालयांना ती सहजी मिळत नाही.