एलिझाबेथ कीची वंशावळ

वंशावळ शोधणें हा बहुधा हौसेचा विषय असतो. मूळपुरुष कोण, तो कोठून आला, घराण्याची शाखा कोठें फुटली एवढें समजलें म्हणजे शोधकाचें समाधान होतें. परंतु अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतींत सतराव्या शतकांत एक स्त्री अशी होऊन गेली कीं, आपला बाप कोण हें तिला न्यायासनापुढें सिद्ध करून दाखवावें लागलें. आणि तें सिद्ध न होतें, तर तिचें व तिच्या लहानग्या मुलाचें सारें आयुष्य दास्यांत गेलें असतें. या स्त्रीचें नांव एलिझाबेथ की.

इंग्रजांनीं व्हर्जिनियांत १६०७ सालीं वसाहत घातली. १६१९ सालीं आफ्रिकेंतून पकडून आणलेलीं कांहीं माणसें तेथें प्रथम उतरलीं. तंबाखूच्या मळ्यांवर राबणारे बहुतेक मजूर त्या काळीं इंग्लंडांतून आलेले, ठराविक वर्षांच्या कराराने बांधलेले गोरे चाकर होते. आफ्रिकन मजुराचा दर्जा नेमका कोणता, हें कायद्यानें अद्यापि स्पष्ट सांगितलें नव्हतें. अशा संदिग्ध काळांत, १६३० च्या सुमारास, एलिझाबेथचा जन्म झाला. तिची आई आफ्रिकन दासी. बाप टॉमस की हा इंग्रज मळेवाला व वसाहतीच्या प्रतिनिधिसभेचा सभासद. १६३६ सालीं त्यानें मुलीला हम्फ्री हिगिन्सन नांवाच्या दुसऱ्या मळेवाल्याच्या स्वाधीन केलें. करार नऊ वर्षांचा होता. सामान्य चाकरापेक्षां किंवा गुलामापेक्षां तिला अधिक मानानें वागवावें, अशी त्यांत अट होती. करार झाला आणि थोड्याच काळांत टॉमस की निवर्तला.

नऊ वर्षें सरलीं, पण मुलगी मोकळी झाली नाहीं. ती कर्नल जॉन मॉट्रम याच्या ताब्यांत गेली व त्याच्याबरोबर नॉर्दंबरलंड परगण्यांत राहूं लागली. तेथें विल्यम ग्रिन्स्टेड नांवाचा तरुण इंग्रज करारानें चाकरी करीत होता. त्याला कायद्याचें चांगलें ज्ञान होतें. एलिझाबेथपासून त्याला जॉन नांवाचा मुलगा झाला. मात्र चाकरीची मुदत संपेपर्यंत विवाह करण्याची त्याला मोकळीक नव्हती. १६५५ सालीं मॉट्रम मरण पावला. मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्यांनीं मायलेकरांना गुलाम ठरवून इतर मालमत्तेंत जमा केलें. तेव्हां एलिझाबेथनें फिर्याद गुदरली आणि ग्रिन्स्टेडनें तिचें वकीलपत्र घेतलें.

दाव्याचा सारा भार पितृत्वावर होता. इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणें मुलाचा दर्जा बापावरून ठरे. अनौरस संततीचें काय, हा प्रश्न तेथेंही बिकटच होता. पण बाप स्वतंत्र इंग्रज होता, एवढें दाखवितां आलें तर वाद घालण्यास जागा होती. साक्षीपुरावा मोठा बोलका आहे. एलिझाबेथ न्यूमन नांवाची ऐंशी वर्षांची वृद्धा पुढें आली. ही कीची मुलगी हें सर्वश्रुत असून, दासीला गर्भवती केल्याबद्दल ब्लंट पॉइंटच्या न्यायालयानें कीला दंडही केला होता, असें तिनें शपथेवर सांगितलें. निकोलस जर्न्यू या साक्षीदाराची जबानी निराळी पडली: लोकवार्ता त्याच्याही कानीं होती, परंतु स्वतः की मात्र बाप कोणी तुर्क आहे असें सांगत असे. अॅलिस लॅरेटनें तर दासीच्या स्वतःच्या तोंडून कीचें नांव ऐकलें होतें. बापानें नाकारलेलें नातें अशा रीतीनें शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्मरणावर व एका जुन्या दंडावर उभें राहिलें. कीला लाज आणणारा तो दंडच त्याच्या मुलीच्या उपयोगीं पडला.

१६५६ च्या जानेवारींत परगण्याच्या पंचांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला. (मूळ कागदांवर हें साल १६५५ असें दिसतें, कारण इंग्रजांचें वर्ष त्या काळीं २५ मार्चला बदले.) प्रतिपक्ष स्वस्थ बसला नाहीं, आणि प्रकरण वसाहतीच्या विधिमंडळापर्यंत गेलें. तेथील समितीनें तीन गोष्टी विचारांत घेतल्या. स्वतंत्र पुरुषापासून दासीस झालेलें अपत्य रूढ कायद्यानें स्वतंत्र असलें पाहिजे. एलिझाबेथचा बाप्तिस्मा फार पूर्वींच झालेला असून ती आपल्या धर्माची माहिती नीट सांगते. आणि करार नऊच वर्षांचा होता. शेवटच्या धन्यानें तिला धान्य व कपडे द्यावेत आणि मुदतीपलीकडे करून घेतलेल्या चाकरीची भरपाईही करावी, असेंही समितीनें सुचविलें. अखेरीस २१ जुलै १६५६ रोजीं तिची मुक्तता कायम झाली, आणि त्याच दिवशीं चर्चमध्यें तिच्या व ग्रिन्स्टेडच्या नियोजित विवाहाची घोषणा झाली!

संसार फार काळ टिकला नाहीं. ग्रिन्स्टेड १६६१ मध्यें वारला. मागें जॉन व विल्यम हे दोन मुलगे राहिले. एलिझाबेथनें पुढें जॉन पार्स नांवाच्या विधुराशीं पुनर्विवाह केला.

तिनें जिंकलेली वाट मात्र लवकरच बुजविण्यांत आली. १६६२ च्या डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा केला कीं, मूल दास कीं स्वतंत्र हें केवळ आईच्या स्थितीवरून ठरावें. इंग्लंडची रूढ परंपरा बाजूस सारून रोमन कायद्यांतील तत्त्व येथें उचललें गेलें. धन्यापासून दासीला झालेलें मूल आतां धन्याच्याच मालमत्तेंत भर घालूं लागलें, आणि बापावर कसलीही जबाबदारी उरली नाहीं. बाप्तिस्म्यानें दास्य सुटत नाहीं, असा दुसरा कायदा १६६७ मध्यें झाला. एलिझाबेथच्या फिर्यादीचे दोन्ही आधार असे अकरा वर्षांत गेले. आईवरून दर्जा ठरविण्याचा हा नियम इतर वसाहतींतही पसरला व १८६५ मध्यें गुलामगिरी बंद होईपर्यंत टिकला.

ग्रिन्स्टेड, ग्रिमस्टेड, ग्रीनस्टेड अशा निरनिराळ्या वर्णांनीं लिहिल्या जाणाऱ्या आडनांवाचीं कांहीं अमेरिकन कुटुंबें आपलें मूळ या दांपत्यापर्यंत नेतात. बापाच्या बाजूनें ही वंशावळ टॉमस कीपर्यंत पोंचते. आईच्या बाजूनें ती एकाच पिढीवर थांबते. जिच्या तोंडचा शब्द न्यायालयांत पुरावा म्हणून सांगितला गेला, त्या दासीचें नांव खटल्याच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलें नाहीं.