तारेवरची गर्दी

जवळा बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या या गावच्या लोकांना गर्दी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. रस्ता रोजचाच असतो. पण गाड्या, जनावरे आणि माणसे एकाच वेळी लोटली की चाल मंदावते. रात्री नऊच्या सुमारास मोबाईलवरचे चित्र गोल गोल फिरत राहते, तेव्हा तारेवर नेमके हेच घडत असते.

हे दुखणे नवे नव्हे. मुंबईत १८८२ साली टेलिफोनचे एक्स्चेंज निघाले. पुढे ट्रंक कॉल आले. कॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचे! साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर होते. ज्याचा पैसा जास्त, त्याची पाळी आधी. तारा थोड्या आणि बोलणारे फार, म्हणून हा खटाटोप.

मग कंपनीने प्रत्येकाला स्वतंत्र तार का देऊ नये? परवडत नाही म्हणून. सगळे गिऱ्हाईक एकाच क्षणी बोलत नाहीत, तेव्हा किती तारांत काम भागेल, याचा हिशेब कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग नावाच्या गणित्याने १९०९ आणि १९१७ च्या निबंधांत मांडला. आजच्या ब्रॉडबँड कंपन्यांचा धंदा याच तत्त्वावर उभा आहे. एक मोठी वाहिनी घ्यायची आणि ती अनेक घरांना वाटून विकायची. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. एस. टी.च्या गाडीतही साऱ्या गावाला पुरतील इतकी आसने नसतात. लबाडी होते ती गिऱ्हाईक वाढवत जाऊन वाहिनी तेवढीच ठेवली तर.

इंटरनेटची गर्दी मात्र टेलिफोनहून विचित्र. तेथे मजकुराचे लहान लहान तुकडे करून पाठवतात. वाटेत तुकडा हरवला की संगणक तो पुन्हा पाठवतो. १९८६ साली कॅलिफोर्नियात सुमारे चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर आला! गर्दीत तुकडे हरवत, म्हणून ते पुन्हा पाठवले जात. पुन्हा पाठवले, म्हणून गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात यावर उपाय मांडला. तुकडा हरवला की पाठवणाऱ्याने आपण होऊन चाल कमी करायची. ही शिस्त आज जगभरच्या संगणकांत आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचे लक्ष्य ठेवले. झाल्या त्याच्या निम्म्या. घरोघरची तांब्याची तार सरकारी कंपन्यांची होती. ती इतर कंपन्यांनाही वापरू द्यावी, ही दूरसंचार नियामकाची शिफारस सरकारने मानली नाही. खाजगी कंपन्यांनी शहरे पाहिली. खेड्यात तार ओढायला कोण येतो?

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली. प्रथम सारे फुकट! १७० दिवसांत दहा कोटी गिऱ्हाईक झाले. गिऱ्हाईक आधी, कमाई मागाहून, असा तो डाव होता. खेड्यातला पोरगाही चलच्चित्र पाहू लागला, हा त्याचा मोठाच लाभ. पण सारा भार बिनतारी मनोऱ्यावर आला आणि पुष्कळ मनोऱ्यांना मागून काचतंतूची जोड नव्हती. पुढचे दार रुंद आणि मागचे बोळ अरुंद, असा तो प्रकार. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा करमणुकीच्या कंपन्यांनी मोबाईलवरील चित्रांचा दर्जा काही काळ उतरवला. त्याच तारेवर शाळेचे वर्गही चालणार होते.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. काम रेंगाळले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर करावी लागली. पण तंतू पंचायतीच्या कचेरीत येऊन थांबला, तर शाळेला आणि रेशनच्या अंगठ्याच्या यंत्राला त्याचा काय उपयोग?

गुरुजींनी मुलांकडून एक प्रयोग करवून घ्यावा. आठवडाभर पहाटे सहाला आणि रात्री नऊला, एकाच जागेवरून वेग मोजून वहीत मांडावा. त्यासाठी नियामकाचे ‘मायस्पीड’ हे साधन आहे. दोन्ही वेळी वेग कमी भरला, तर जोडणीत दोष असावा किंवा मनोरा दूर असावा. पहाटे चांगला आणि रात्री पडलेला दिसला, तर वाटणीची वाहिनी अपुरी आहे असे समजावे. कंपनीकडे तक्रार करताना ही वही सोबत न्यावी.