रिकाम्या पुंगळीचा इतिहास

मराठीतील 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला असून त्याच्या मुळाशी कागदाच्या सुरळीचा अर्थ आहे. आरंभीचे काडतूस होतेही तसेच: मोजून घेतलेली दारू व शिशाची गोळी एका कागदात गुंडाळलेली. पुढे कागद गेला, पितळ आले. शब्द मात्र तोच राहिला. या स्थित्यंतराचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. किल्ले, तलवारी व तोफा यांवर आपण पुष्कळ लिहितो. परंतु बंदूक एकदा रिकामी झाली म्हणजे ती पुन्हा कोणाच्या बळावर भरली जाते, हा प्रश्न क्वचितच विचारतो. आमच्या मते इंग्रजी सत्तेच्या स्थैर्याचे एक मर्म याच प्रश्नात आहे.

ठासणीच्या बंदुकीचा काळ प्रथम पाहू. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू देशी कारागीर करीत. शिसे वितळवून साच्यात गोळी ओतणे हे तर घरच्या चुलीवर होण्यासारखे काम. चाप मोडल्यास लोहार तो नीट करी. आम्ही राहतो ते गुंजी हे गाव बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, खानापूर तालुक्यात आहे. याच तालुक्यातील नंदगड येथे १८३१ साली संगोळ्ळी रायण्णास फाशी देण्यात आले. त्या काळी असे बंड मोडावयाचे तर माणूस पकडावा लागे, किंवा त्याच्या हातची बंदूक काढून घ्यावी लागे. १८५७ चा निःशस्त्रीकरणाचा कायदा या दुसऱ्या उपायासाठीच होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी या कायद्याविरुद्ध बंड केले. बंदूक जवळ राहिली तर बाकीचे साहित्य स्वतः सिद्ध करता येते, हे सरकारही जाणत होते व बेडरही.

त्याच साली चरबी लावलेल्या कागदी काडतुसाने कोणता वणवा पेटवला, हे सर्वश्रुत आहे. आमच्या भागापासून दूर नसलेल्या कोल्हापुरात २७ वी पलटण ३१ जुलै रोजी उठली. पुढे दहा वर्षांच्या आतच स्नायडर बंदूक आणि तिच्यासाठी बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने योजिलेले पितळी पत्र्याचे काडतूस प्रचारात आले. १८६९ साली खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. १८१७ मध्ये याच खडकीस पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला होता, हे वाचकांच्या ध्यानी असेलच.

पितळ हे येथे केवळ वेष्टन नव्हे. बार होताच पुंगळी फुगते व नळीचा मागील भाग घट्ट बंद करते. दाब ओसरताच ती किंचित आकसते, म्हणून सहज ओढून काढता येते. त्यासाठी सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त यांचे पितळ टप्प्याटप्प्याने ओढून, मधून मधून तापवून मऊ करावे लागते. तांबट उत्तम हंडा घडवील. पण एका मापाच्या सहस्रावधी पुंगळ्या त्याच्या हातोडीतून निघणार नाहीत. अशा रीतीने बंदूक शिपायाच्या हाती राहिली, परंतु तिचे भक्ष्य कारखान्याच्या कुलुपात गेले. शिवाय, देशी पलटणींना एक पिढी जुनी बंदूक देण्याचे धोरणही होते. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या लढाईत गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती, तर मुंबई ग्रेनेडियर्सकडे स्नायडरच.

तथापि, एक वाट उरली होती. बार होऊन गेल्यावरही पुंगळी शाबूत राहते. जळालेली टोपी काढावी, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणावी, नवी टोपी, दारू व गोळी बसवावी, की काडतूस पुन्हा सिद्ध झाले. मार्टिनी-हेन्रीची पहिली पुंगळी गुंडाळलेल्या पत्र्याची असल्याने या कामास निरुपयोगी होती. १८८५ च्या सुमारास अखंड ओढीव पुंगळी आली आणि अडचण दूर झाली. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांनी ही विद्या चांगलीच साधली होती. म्हणूनच फौजेत झाडलेल्या गोळ्यांबरोबर रिकाम्या पुंगळ्यांचाही हिशेब ठेवला जाई.

पुढच्या थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीने मात्र हे काम अवघड केले. बॉक्सरच्या रचनेत टोपीखाली मध्यभागी एकच छिद्र असते, त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज पाडता येते. ब्रिटिश फौजेने या काडतुसासाठी बर्डन या अमेरिकन माणसाची रचना स्वीकारली. तीत मध्यभागी पितळाचाच उंचवटा व बाजूस दोन बारीक छिद्रे असतात. सळई चालत नाही. त्यातच जुन्या टोप्यांतील पारा पितळास ठिसूळ करी, आणि अशी पुंगळी दुसऱ्या बारास फुटण्याचे भय असे. ही रचना मुद्दाम त्या हेतूने केली असे आम्ही म्हणत नाही. परिणाम मात्र तोच झाला. हेतू स्पष्ट दिसतो तो अन्यत्र. पहारा व दंग्याचा बंदोबस्त यांसाठी लष्करी रायफली गुळगुळीत नळीच्या, एकबारी करण्यात आल्या, आणि थ्री नॉट थ्रीच्याच पुंगळीचा गळा न आवळता त्यांचे निराळे काडतूस बनवण्यात आले.

येथे कोणी म्हणेल, जुन्या बंदुकांच्या पुंगळ्या भरणे हा शौकिनांचा छंद. त्यात इतिहास कसला? आज तो छंद आहे हे खरे, आणि आपल्याकडे परवान्यावाचून तो गुन्हाही आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्याने काडतुसाचे सुटे भागदेखील दारूगोळ्यातच धरले आहेत. परंतु पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण व सालाचा ठसा असतो. ताम्रपट वाचणाऱ्यांनी हा पितळपटही वाचावयास हवा. खडकीचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून एका सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आला. त्याच्या दीड शतकाच्या कामाची साक्ष अशा ठशांतून मिळते, आणि ते पितळ मोडीच्या भावाने वितळून जात आहे. जिवंत काडतूस सापडल्यास ते पोलिसांच्या स्वाधीन करावे, हे उघडच आहे. रिकाम्या पुंगळ्यांना मात्र वस्तुसंग्रहालयांनी रीतसर परवानगीने जागा द्यावी. आपल्या हातची बंदूक परावलंबी कशी झाली, हे तेथे विद्यार्थ्यांस बोटभर पितळ दाखवून शिकवता येईल.