नवा स्लॅब : टेकू कधी काढायचे, वजन कधी ठेवायचे?

घरकुल असो की वरचा मजला, स्लॅब पडला की चार-पाच दिवसांत सेंट्रिंगवाल्याचा फोन येतो, "प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्यात." भाडं रोजावर असेल तर मालकही लगेच हो म्हणतो. घोळ होतो तो इथेच.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची क्रिया चालू असते तोवर ताकद वाढते, आतलं पाणी उडून गेलं की वाढ खुंटते. साध्या सिमेंटमध्ये ७ दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. इंजिनिअर हिशोब धरतात तो २८ दिवसांच्या ताकदीचा. स्लॅब वरून टणक लागतो म्हणून फसू नका.

आधी सिमेंटचं पोतं वाचा. ओपीसी असेल तर किमान ७ दिवस पाणी मारावं, कडक उन्हाळ्यात १०. दुकानात बहुतेकदा मिळतं ते पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. ते सावकाश पकडतं, त्यामुळे त्याला किमान १० दिवस पाणी लागतं आणि उन्हाळ्यात १४ दिवस धरावेत. हे आकडे भारतीय मानक ४५६ मधले आहेत, मिस्त्रीच्या अंदाजाचे नव्हेत.

एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घ्यावा लागतो तिथे पाइपने दिवसातून दोनदा शिंपडणं म्हणजे पाणीही वाया आणि स्लॅबही कोरडा. दुसऱ्या दिवशी आळी करून दोन इंच पाणी साठवा. तेवढं पाणी नसेल तर गोणपाट भिजवून अंथरा, वर प्लास्टिकचा कागद टाका. कॉलमलाही गोणपाट गुंडाळा, कॉलम हमखास कोरडे राहतात.

आता टेकू. भिंत ते भिंत किंवा बीम ते बीम अंतर साडेचार मीटरपर्यंत (पंधरा फुटांच्या आत) असेल तर स्लॅबचे टेकू ७ दिवस, जास्त असेल तर १४ दिवस ठेवावेत. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. ही मुदत ओपीसीची आहे. पीपीसी वापरलं असेल तर इंजिनिअरला विचारून दिवस वाढवा. ३ दिवसांनी प्लेटा काढता येतात हे खरं, पण लगेच टेकू परत लावायचे या अटीवर. आपल्याकडे प्लेट निघाली की टेकूही गाडीत जातो.

टेकू मधून सुरू करून कडेकडे काढतात. गॅलरी किंवा सज्जाचं मात्र उलट : बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे यायचं. आणि गॅलरीच्या टेकूंची घाई तर अजिबात नको, तिला एकाच बाजूचा आधार असतो.

राहिलं वजन. दुसऱ्या दिवशी आळी घालायला माणूस चढला तर हरकत नाही. पण वरच्या कामाची वाळू आणि विटा स्लॅबच्या मधोमध ओतणं धोक्याचं. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराच्या वजनासाठी काढतात. एक ब्रास वाळू चार टनांच्या वर भरते, हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची. २८ दिवस होईपर्यंत असा माल खालीच ठेवा, आणि नंतरही लागेल तसा थोडा थोडा चढवून भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर पसरवा.